किटलीची वाफ
फ्लाय फिशिंगच्या गळाच्या दोरीला टोकाचा लूप, म्हणजे फासा, बसवावा तो काकांनीच. लूपवरची, उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची नळी ते विजेच्या किटलीच्या वाफेवर धरून सावकाश आवळायचे. दोरीच्या आवरणाला जरा म्हणून धक्का लागायचा नाही. "काका, तोवर मासे म्हातारे होतील," दोरी घेऊन येणारा टॅक्सीवाला दर वेळी कुरकुरायचा. काका बधायचे नाहीत.

आज मात्र त्यांनी खिशातून लायटर काढला आणि चुटकीसरशी नळी आवळली. टॅक्सीवाला पुढे झेपावला.

"अहो, आवरण जळेल ना!"

"हात स्थिर असला की नाही जळत."

त्याने दोरी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. खरंच, साधा डागही नव्हता.

"मग इतकी वर्षं त्या वाफेपायी मला का ताटकळत ठेवलंत?"

एरवी लोटलेलं आतलं दार आज सताड उघडं होतं. काकांनी तिकडे पाहिलं.

"आत हिचा ऑक्सिजन चालू असायचा."