मानेचं लाकूड

“ही पण नाही,” ताई म्हणाली आणि खडूने फुली मारून फळी डावीकडच्या ढिगावर ठेवली.

धाकट्याने सकाळी गाडीतून नऊ फळ्या उतरवल्या होत्या. नाकारलेली ही सातवी.

“हिला काय झालं?” त्याने विचारलं.

“इकडे ये, बघ.” तिने ओला फडका फळीवरून फिरवला आणि ती खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. पिवळसर मेपलच्या लाकडावर आडव्या लहरी उमटल्या. फळी हलली की त्याही हलत, उजळत, काळवंडत. “इथवर छान. इथून पुढे लहर विरली. शिवाय लाकडाचा धागा कडेला पळतोय. तारांचा ताण बसला की वर्षभरात वाकेल. गिटारची मान आहे बाबा, कपाटाचं दार नाही.”

“बोटभर जागा आहे ती.”

“बोटभर तर बोटभर.”

इलेक्ट्रिक गिटारींच्या या कारखान्यात सगळेच तिला ताई म्हणत, अगदी मालकसुद्धा. सख्खा भाऊ मात्र हा धाकटा एकच. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ती चौदाची. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून लाकडाची वखार काढून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. पण कारखान्याचं फाटक आलं की ती नातं बाहेर ठेवून आत शिरायची.

तीन वर्षांपूर्वी वखारीचा पहिला माल आला, तेव्हा पॉलिशवाला तिच्या पाठीमागे म्हणाला होता, “झालं. घरचीच वखार, घरचाच खडू.” तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं. तिने कामातूनच उत्तर दिलं होतं. आता तिच्याबद्दल तसं बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

“दुसऱ्या व्यापाऱ्याच्या किती नाकारल्यास या महिन्यात?” धाकट्याने हळू आवाजात विचारलं.

“दोन. त्याचं लाकूड चांगलं असतं.”

“आणि माझं?”

“तुझं तूच बघ. ढीग समोर आहे.”

तो ढिगाकडे बघत राहिला. मग आतून आलेल्या मालकांकडे वळून म्हणाला, “मालक, ही शेवटची गाडी. मी वखार बंद करतोय. तिच्या नजरेत माझं लाकूड बसतच नाही. का ते मला कळत नाही.”

रंधा मारणाऱ्याने यंत्र थांबवलं. पॉलिशवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. ताईच्या कानशिलांना चटका बसला.

“का म्हणजे? मी आकसाने करते असं म्हणायचंय तुला?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग म्हण ना. घाबरतोस कशाला?” तिने खडू टेबलावर आपटला. “मी लाकूड बघते, माणूस नाही. मालक, दोघांच्या फळ्या घ्या. टोकावरच्या वखारींच्या शिक्क्यांवर कागद चिकटवा. माझ्या जुन्या खुणा रंध्याने काढून टाका. मिसळा आणि आणा माझ्यापुढे. माझ्या हातून एका फळीवर जरी अन्याय झालेला निघाला, तर या टेबलाशी मी पुन्हा उभी राहणार नाही.”

“ताई, इतकं टोकाला कशाला जायचं?” मालक म्हणाले.

“जायचंच. आणि सगळ्यांदेखत.”

मालकांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली. दोघं मागच्या शेडमध्ये गेले. तासाभराने बारा फळ्या टेबलावर आल्या, ताज्या रंधलेल्या, टोकांना कागद लावलेल्या.

ताईने बाह्या सरसावल्या. तिला घाई नव्हती. एकेक फळी ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरी, कडेवरून नजर सोडी. फडका फिरवी, उजेडात हलवी. मग बोटाच्या पेराने टकटक करून कान लावी. हातात तोलून बघी.

“ही चालेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी लहर.” फळी उजवीकडे गेली. “ही नाही. मधे काळी रेघ आहे.” ती डावीकडे. “हिचा आवाज बसका.” डावीकडे.

सहाव्या फळीपाशी ती थबकली. फडका फिरताच लाकूड पेटल्यासारखं दिसलं. धागा तर पट्टीने आखावा तसा सरळ.

“याला म्हणतात मेपल,” ती पॉलिशवाल्याकडे बघत म्हणाली. “शिकून घ्या. अशी आणली असती तर कुणाच्या बापाची हिंमत होती नाकारायची?”

धाकटा खिडकीबाहेर बघत होता.

शेवटची फळी खाली ठेवली तेव्हा उजवीकडे सात होत्या, डावीकडे पाच. तिने हात झटकले. डावीकडच्या ढिगावर पंजा ठेवून ती भावासमोर ताठ उभी राहिली.

“या पाच कुणाच्या, ते मला कुणी सांगायची गरज नाही. बोल, अजून काही म्हणायचंय?”

“नाही,” तो म्हणाला. “ताई, राहू दे. कागद काढू नका मालक. चल, घरी जाऊ.”

“आता का? काढा मालक, सगळे काढा.”

मालकांनी एकेक कागद सोलायला घेतला. डावीकडच्या पाचही फळ्यांवर दुसऱ्या व्यापाऱ्याचा शिक्का होता. उजवीकडच्या सातांत त्याची एकच होती. बाकी सहा धाकट्याच्या होत्या, आणि त्या सहाही तिनेच नाकारलेल्या मालातून मालकांनी उचलून आणल्या होत्या.