करकरणारी चप्पल

मी सून होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी सासूबाईंना घरात घालायला चप्पल शिवली. ती भलती करकरायची.

"जगाच्या चपला मुक्या, माझीच तेवढी बोंबलते! म्हणे नावाजलेले कारागीर!"

"चामडंच तसलं गं," सासरे म्हणत.

दुपारी झोपणारी सून सासूबाईंना खपत नसे. करकर ऐकली की मी ताडकन उठून भांडी घासू लागे. चप्पल मुद्दाम वाजती ठेवलीय, हे सासऱ्यांनीच मला हळूच सांगितलं होतं.

पुढे झिजून तिचा आवाज बंद झाला आणि दारापाशी येताच सासूबाईंना खोकला येऊ लागला. मी घाबरून त्यांना डॉक्टरकडे नेलं. छाती ठणठणीत निघाली.

"खुळे," वाटेत सासूबाई म्हणाल्या, "मग काय तुला झोपलेली पकडू?"


सासूबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. दुपारी, झोपेतच.