तोच आयडी

"वरच्या चौकटीत हा दोन नावं मागतोय," हेडफोन काढत बळवंत म्हणाला. "विद्यार्थ्याचंही आणि पालकाचंही. खालच्या चौकटीत गेलं की नुसतं 'रिकामी चौकट'. तिथे मी लिहायचं तरी काय?"

गुरुग्राममधल्या त्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये फॉर्मची शेवटची तपासणी चालली होती. शिष्यवृत्तीचा हा ऑनलाइन फॉर्म सोमवारी सुरू व्हायचा होता. बळवंतला दिसत नसे. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो यूपीएससीचा अभ्यास करायचा आणि अधूनमधून असे फॉर्म तपासून द्यायचा. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या दोघी बायकांनी टीमप्रमुख मल्होत्रासरांकडे पाहिलं, सरांनी अक्षयाकडे. फॉर्म तिने केला होता.

अक्षयाचे कान लाल झाले. "पण दिसतंय तर बरोबर..." ती पुटपुटली.

तिच्या शेजारी बसलेली रेवती हलली नाही. तिला हे मंगळवारपासून ठाऊक होतं.

मंगळवारी अक्षयाचं काम तपासायला तिच्याकडेच आलं होतं. नाव, जन्मतारीख, मोबाइल यांचा एकच कॉम्पोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा, बनवून अक्षयाने तो पानावर दोनदा वापरला होता. वर विद्यार्थ्यासाठी, खाली पालकासाठी. त्यापायी रेवतीच्या जुन्या फॉर्मच्या कोडमधल्या चारशे ओळी पडद्यावर लाल होऊन खोडल्या गेल्या होत्या. सहा वर्षांत सरांनी रेवतीचा कोड कधी कुणाला दाखवला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी लागलेल्या ह्या पोरीचा मात्र त्याच सकाळी सगळ्या टीमसमोर भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि म्हणाले, "क्या साफ काम है यार!"

मग रेवतीला ती ओळ दिसली. चौकटीचा आयडी, म्हणजे कोडमधली तिची ओळखखूण, अक्षयाने हाताने लिहून टाकला होता. म्हणजे दोन्ही ठिकाणी तोच आयडी, आणि खालच्या चौकटीचं लेबल वरच्या चौकटीला जाऊन चिकटणार. रेवतीने सूचना लिहायला घेतली. अर्धी लिहिली, पुसली, आणि मंजुरीचं बटण दाबलं.

"रिव्ह्यू किसने किया था?" सरांनी विचारलं.



"रेवतीताईने," अक्षया घाईघाईने म्हणाली. "लेकिन सर, उन्होंने देखा तब ठीक ही होगा. बाद में मैंने ही कुछ छेड़ा होगा."

"रेवती, तुम देखो ज़रा."

रेवतीने लॅपटॉप पुढे ओढला. हाताने लिहिलेला आयडी काढला आणि प्रत्येक वेळी नवा आयडी आपोआप तयार होईल असं केलं. दोन ओळींचं काम. बळवंतने पुन्हा हेडफोन चढवले. त्याची बोटं कीबोर्डवरून फिरली.

"पालकाचं नाव," तो हसला. "आत्ता कसं नीट विचारलंन!"

"इसको कहते हैं एक्सपीरियन्स!" सर सगळ्यांसमोर म्हणाले.

हे ऐकायला रेवती किती दिवस झुरली होती. तिने मान वर केली नाही.

सगळे जेवायला गेले. अक्षया मागे राहून वायर गुंडाळत होती.

"ताई, मला तर दिवस लागला असता," ती म्हणाली. रेवतीने चटकन तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे संशयाचा लवलेशही नव्हता, नुसतं कौतुक होतं. "तू सरळ त्याच ओळीवर गेलीस. शोधलंसुद्धा नाहीस!"