चूक टळल्याची शाल

"म्हणजे इंजेक्शन दिलं नाही म्हणून शाल?" पहिल्या रांगेत पेशंटच्या कपड्यांत बसलेल्या घोरपडेतात्यांनी विचारलं.

"चुकीचं होतं, तात्या. मालन सिस्टरांनी लेबल वाचून थांबवलं, वर लेखी कळवलं," अधीक्षक म्हणाले.

"मी अर्धा तास ताटकळलो, त्याचा नारळ तरी द्या."

सभागृह हसलं. सिस्टरही हसल्या. पेशंटकडच्यांनी त्यांचे आभार मानले होते ते दोन वर्षांपूर्वी. त्या दिवशी त्यांनी एका बाईंना लेबल न वाचताच चुकीचं इंजेक्शन दिलं होतं. बाई गेल्या. कारण सिस्टरांशिवाय कोणालाच कळलं नाही. मुलगा पाया पडून म्हणाला होता, "आईसाठी फार केलंत तुम्ही."

अधीक्षकांनी माईक पुढे केला. "दोन शब्द बोला."

सिस्टरांनी तो घेतला नाही. "सर, जुन्या नोंदींतून एका मुलाचा फोन नंबर शोधून द्याल? त्याला एक गोष्ट सांगायची राहिलीय."