राहिलेला डोस

"हिचा एक डोस राहिलाय," सिस्टर मुलीच्या आईला म्हणाली आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी उपडी करून रजिस्टरखाली सरकवली. 'तशा' मुलांबद्दल ती चारचौघांत एवढंच बोलायची. पुढे कुणी काही विचारत नसे.

आज बाकावर आईच्या शेजारी नेमकी तिची जाऊ होती. आपल्या मुलाचं पाच वर्षांचं इंजेक्शन आहे, चल बरोबरच जाऊ, म्हणून ती चिकटली होती. नाही म्हणायला आईला कारण सुचलं नव्हतं.

"कसला गं डोस?" जावेने विचारलं.

"न्यूमोनियाचा," सिस्टरच म्हणाली.

"मग आमच्या बाळ्याचाही राहिलाय की! तेव्हा तापाने फणफणला होता तो. त्यालाही टोचून टाका."

"एकच डोस आलाय."

"एकच ना? मग मोठ्याला आधी. दोन महिन्यांनी का होईना, मोठा आहे हा. हिलाच का म्हणून?"

सिस्टरने मुलीच्या आईकडे बघितलं. जावेच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज हिला कळलं की संध्याकाळी सासूला कळणार, उद्या शाळेला. मग मुलीचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, आणि शाळा तर बंदच. इतकी वर्षं रोजचं औषध ताकदीचं आहे असं सांगून नवराबायकोने सगळं झाकलं होतं.

"द्या त्यालाच," आई घाईघाईने म्हणाली. "आम्ही पुढच्या महिन्यात येऊ."

"पुढच्या महिन्यात लस येईलच असं मी सांगू शकत नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "थंडी सुरू झालीय. मागच्या थंडीत हिला ऑक्सिजन लावला होता ना?"

मुलगी खोकली. साधाच खोकला, पण आईचा हात तिच्या पाठीवर गेला.

"ताई," ती जावेला म्हणाली. "हिला एचआयव्ही आहे. जन्मापासून. माझ्याकडूनच आलाय. पुन्हा न्यूमोनिया झाला तर ही वाचायची नाही."

जावेने बाळ्याला ओढून मांडीवर घेतलं.

सिस्टरने मुलीचा दंड पुसला, सुई टोचली. मुलीने आधी नुसते डोळे मोठे केले, मग भोकाड पसरलं. रडता रडता उचकी लागली. जावेने सवयीने पिशवीतून बाळ्याची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

आई फरशीकडे बघत राहिली. मान वर करायची तिला भीती वाटली.

"काकू, दे ना," मुलगी म्हणाली.