तारखेचा आकडा

प्राध्यापकांच्या कपाटात सहा स्वयंचलित घड्याळं होती. मनगटावर नसली की ती दोन दिवसांत थांबतात, म्हणून त्यांनी विजेवर फिरणारी पेटी आणली होती. ती त्या सहाही जणांना दर तासाला न चुकता कूस पालटून देई.

सातवं घड्याळ वृद्धाश्रमात, वडिलांच्या मनगटावर असे. तेच नेमकं सारखं बंद पडे. आज ते काढून आणून प्राध्यापकांनी घड्याळजीपुढे ठेवलं.

घड्याळजीनं भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच उतरवलं. “सर, याला काही धाड भरलेली नाही. हात हलला की हे चालतं. वडील काढून ठेवतात का?”

“छे, झोपेतसुद्धा हातातच असतं.”

“मग त्यांना कुणी उठवत नसेल. तारखेचा आकडा बघा, तेरा. म्हणजे अकराला कुणीतरी त्यांना फिरवलेलं दिसतंय. आज सव्वीस.”

अकराला स्वतः प्राध्यापकच गेले होते. वडिलांना हाताला धरून त्यांनी खिडकीपर्यंत नेलं होतं, “रोज फिरवतात ना, बाबा?” असं विचारलं होतं, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच्या मनगटाकडे बघून ते निघाले होते.