साच्यातला ठसा

रेझिनचा वास बाळाला बाधेल म्हणून रचनाने यशूला शहाडला आईकडे ठेवलं. तेव्हापासून कळव्याचं घर खायला उठायचं. त्या रिकाम्या घरात ती साच्यांत रेझिन ओतून कीबोर्डची रंगीत बटणं बनवायला शिकत होती.

झाकून ठेवलेल्या साच्यांतून पहिली तीन बटणं निघाली. प्रत्येकावर इवल्याशा बोटाचा ठसा होता.

चौथं ओतून, साच्यावरची नजर न हलवता तिने फोन लावला.

"आई, यशू काय करतेय?"

"मघापासून हवेत बोट दाबत बसलीय. मजेत आहे गं, किती काळजी करशील!"

ओल्या रेझिनमध्ये खळगा पडत होता.

"आई, तिचा हात धर! आधी हात धर!"

"धरला की," आई हसली.

त्या खळग्याला लागूनच आता एक मोठं बोट रुतू लागलं.